कुळाच्या इतिहासाचे परके राखणदार

घराण्याचा मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत, वतने, स्थलांतरे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ एकत्र गुंफून सिद्ध केलेल्या ग्रंथाला मराठीत कुलवृत्तांत म्हणतात. विसाव्या शतकात महाराष्ट्रात असे कुलवृत्तांत मोठ्या संख्येने छापले गेले, आणि त्यांपैकी अनेकांमागे व्यावसायिक इतिहासकार नव्हते, तर नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर या कामाला वाहून घेतलेले शिक्षक, कारकून, वकील यांच्यासारखे हौशी संपादक होते. शिकागो विद्यापीठातील अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात चित्पावन घराण्यांच्या कुलवृत्तांतांकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून लक्ष वेधले, आणि तेव्हापासून शिक्षण, स्थलांतर व व्यवसायबदल यांच्या अभ्यासात या ग्रंथांना मान मिळाला. परंतु या ग्रंथांत जी माहिती आली, ती तोवर कोणी सांभाळली होती आणि संपादक दारात उभा राहिल्यावर ती कोणी दिली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातून मराठी समाजाचे एक फारसे न नोंदलेले वैशिष्ट्य उघड होते. कुळाचा इतिहास कुळातच राहतो, हा समज येथे खरा ठरत नाही. तो तीर्थाच्या गावचा उपाध्याय, मंदिराचा गुरव, गावचा बलुतेदार, जमीन कसणारे कूळ आणि दफ्तरखान्यातील मोडीवाचक अशा परक्यांच्या हाती राहिला, आणि म्हणून आपल्या पूर्वजांच्या शोधात निघालेल्या प्रत्येकाला अनोळखी माणसांच्या सौजन्यावर विसंबावे लागले.

या व्यवस्थेची मुळे मध्ययुगीन वतनसंस्थेत आहेत. वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांसारखा वंशपरंपरागत अधिकार आणि त्यासोबत येणारे उत्पन्न. हा अधिकार वारशाने चालत असल्यामुळे कोण कोणाचा मुलगा, थोरली शाखा कोणती, दत्तक कधी झाले, हे सिद्ध करणे वतनदाराला वारंवार भाग पडे. असा तंटा उभा राहिला की तो गोतसभेपुढे जाई. गोतसभा म्हणजे परगण्याचे देशमुख-देशपांडे, गावचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांची न्यायसभा, आणि तिने साक्षीपुरावा ऐकून दिलेल्या निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत. महजराच्या शेवटी उपस्थितांच्या सह्या किंवा निशाण्या असत, आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढत, जसे पाटलाचा नांगर किंवा न्हाव्याचा आरसा. या कागदांचे मोल केवळ न्यायपद्धतीच्या इतिहासापुरते नाही. एका घराण्याची वंशावळ खरी की खोटी, हे त्या घराण्याशी रक्ताचे नाते नसलेल्या सुताराने, कुंभाराने किंवा महाराने शपथेवर सांगावे आणि त्याच्या शब्दावर वतन टिकावे किंवा जावे, अशी ही व्यवस्था होती. गावाच्या शिवेविषयी वाद झाला तर महाराची साक्ष विशेष वजनदार मानली जाई. ज्यांना त्याच समाजाने अस्पृश्य ठरवले, त्यांच्याच स्मृतीवर इतरांच्या जमिनीचे आणि वंशाचे सत्य अवलंबून होते, ही गोष्ट या इतिहासात विसरून चालणार नाही.

गावाच्या स्मृतीला लेखी जोड मिळाली ती तीर्थक्षेत्रांत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, प्रयाग, काशी, गया अशा ठिकाणी यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणारे आणि त्यांच्या मुक्कामाची व्यवस्था पाहणारे वंशपरंपरागत पुरोहित असतात, त्यांना तीर्थोपाध्याय किंवा क्षेत्रोपाध्याय म्हणतात. त्यांच्याजवळ लांबट, जाड वह्या असतात आणि त्यांत यजमान घराण्यांची नोंद गाव, आडनाव आणि जात यांनुसार ठेवलेली असते. यात्रेकरू घाटावर आला की त्याला आधी मूळ गाव आणि आडनाव विचारले जाते, मग त्या गावाची वही ज्या उपाध्यायाकडे असेल त्याच्या घरी त्याला पोहोचवले जाते, आणि तेथे आजा, पणजा, खापरपणजा यांची नावे वाचून दाखवल्यावर तो स्वतःचे, भावंडांचे व मुलाबाळांचे नाव लिहून खाली सही करतो. जुन्या नोंदी बहुधा मोडीत, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी व्यवहारात रुळलेल्या जलद लेखनाच्या लिपीत असतात, आणि त्यांतील काहींखाली दस्तुर खुद्द, म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेले, अशी खूण असते. या वह्या उपाध्याय घराण्यांची मालमत्ताच होत. भाऊ वेगळे झाले की गावे आणि वह्या यांचीही वाटणी होई. १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम ३२ नुसार मृत व्यक्तींनी नात्यासंबंधी केलेली विधाने ठरावीक अटींवर ग्राह्य धरली जात असल्याने अशा नोंदी वारसाहक्काच्या दाव्यांतही पुढे आल्या. अमेरिकेतील युटा राज्यातील वंशावळ संस्थेने हरिद्वारसारख्या क्षेत्रांतील अशा नोंदींच्या सूक्ष्मफिती तयार केल्या, यावरून या साधनाचे जागतिक मोल लक्षात येते.

तीर्थोपाध्यायाचे काम मुळात दक्षिणेवर चालणारे आहे, म्हणून त्याला परोपकार म्हणावे का, अशी शंका कोणी घेईल. पण कुलशोधासाठी येणारा माणूस बहुधा विधी करायला आलेला नसतो. त्याला श्राद्ध नको असते, नारायण-नागबळी नको असते. त्याला केवळ शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे एक पान हवे असते, आणि ते सापडेल याची खात्री त्याला किंवा उपाध्यायालाही नसते. अशा माणसासाठी कपाटातील वह्या एकामागून एक उतरवणे, पुसट झालेली मोडी लावणे, गावाचे नाव बदलले असल्यास शेजारच्या गावांच्या नोंदी पाहणे, आणि आपल्याकडे नोंद नसल्यास ती ज्या दुसऱ्या उपाध्यायाकडे असण्याचा संभव आहे त्याचा पत्ता सांगणे, हे धंद्याच्या हिशेबात बसणारे श्रम नाहीत. पूर्वजांनी त्या घराण्याशी जोडलेला संबंध आपल्या पिढीत तुटू नये, ही भावना त्यामागे असते, आणि तिला कर्तव्य म्हणावे की जिव्हाळा, हा भेद तेथे फारसा उरत नाही.

तीर्थोपाध्यायाकडे यजमान चालत येतो. हेळवी मात्र यजमानाच्या दारी चालत जातात. उत्तर कर्नाटकात आणि त्याला लागून असलेल्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात फिरणारी ही वंशावळ सांगणाऱ्यांची भटकी जमात असून महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीतही तिचा समावेश आहे. सुगी संपल्यावर बैल घेऊन ते ठरलेल्या गावांत येतात, ठरलेल्या घरांपुढे त्या घराण्याचा मूळ पुरुष, मूळ ठिकाण, तेथून निघण्याचे कारण आणि पुढच्या पिढ्या म्हणून दाखवतात, मागील भेटीनंतर जन्मलेल्या मुलांची नावे नोंदवून घेतात आणि धान्य, कपडा किंवा पैसे घेऊन पुढच्या गावी जातात. ब्राह्मण किंवा कायस्थ घराण्यांप्रमाणे ज्यांच्या घरी कागदांचे दफ्तर नव्हते, अशा शेतकरी कुटुंबांचा लिखित इतिहास अनेकदा हेळव्यांच्या बाडांतच उरला आहे. स्वतःचे कायमचे घर नसलेल्या माणसांनी दुसऱ्यांची घरे कोणत्या गावातून कोणत्या गावी गेली हे पिढ्यान्‌पिढ्या जपावे, ही या परंपरेची थोरवी आहे. मराठी इतिहासलेखनाने तिची जितकी दखल घ्यायला हवी होती, तितकी घेतलेली नाही.

अठराव्या शतकात मराठी घराण्यांच्या पांगापांगीला वेग आला. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली पेशवेपद मिळाल्यावर कोकणातून देशावर येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, सागर, झाशी अशा ठिकाणी मराठी कुटुंबे स्थायिक झाली. दक्षिणेत तंजावर येथे तर त्याआधीच मराठी राज्य उभे राहिले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात नोकरी आणि गिरणीकाम यांनी हजारोंना मुंबईत आणले. दोन-तीन पिढ्या लोटल्या की मूळ गावाचे नाव आडनावापुरते उरते, आणि आडनावच बदलले असेल तर तेवढेही उरत नाही. याच काळात इंग्रजी राज्याने नकळत वंशावळींचा मोठा साठा निर्माण केला. इनाम जमिनींचे हक्क तपासण्यासाठी नेमलेल्या इनाम कमिशनला १८५२च्या कायद्याने अधिकार मिळाले, आणि आपले इनाम खरे आहे हे दाखवण्यासाठी इनामदारांना सनदांसह वंशावळी व कैफियती, म्हणजे आपल्या हक्काची लेखी हकीकत सादर करावी लागली. ते कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात जमा झाले. आज पुणे पुराभिलेखागार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात ३०,०००हून अधिक रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, पण सामान्य घराण्यांच्या वंशावळींचा मोठा भाग अजूनही रुमालांतच आहे.

अशा दफ्तरखान्यात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसाची अवस्था बिकट असते. कोणत्या प्रांताचा, कोणत्या सालाचा रुमाल मागवायचा हे त्याला ठाऊक नसते. मागवलेला रुमाल हाती आला तरी मोडी वाचता येत नाही. आणि मोडी शिकलेला असला तरी सुहूर सन, फसली सन यांसारख्या जुन्या कालगणना, चांद्र महिन्यांच्या तारखा आणि हिशेबांतील संक्षेप यांत तो अडखळतो. येथे त्याला तारतात ते शेजारच्या टेबलावर बसलेले दुसरे अभ्यासक आणि वर्षानुवर्षे तेच रुमाल हाताळणारे कर्मचारी. आपले काम थांबवून परक्याच्या कागदावरची ओळ लावून देणे, त्यातील तारीख इसवी सनात बदलून देणे, आणि याच घराण्याचा उल्लेख आणखी कोठे आला होता ते आठवून सांगणे, ही मराठी संशोधनक्षेत्रातील जुनी रीत आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी मोडीचे वर्ग चालवून ती रीत पुढच्या पिढ्यांत पोहोचवली.

या रीतीचा पाया घालणाऱ्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे स्थान पहिले आहे. १८९८ साली वाईहून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी पुढे या मालेचे एकूण २२ खंड सिद्ध केले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, आणि आयुष्याचा मोठा भाग गावोगावची दफ्तरे धुंडाळण्यात घालवला. त्यांच्या प्रस्तावनांतून कागदांच्या नाशाची विदारक चित्रे येतात: वाळवीने खाल्लेली दफ्तरे, रद्दी म्हणून वाण्याला विकलेली बाडे, आणि हक्क जाईल या भीतीने कागद दाखवायलाही तयार नसलेले मालक. परंतु या नकारांच्या दुसऱ्या बाजूला असंख्य होकार होते, आणि त्यांच्यावाचून २२ खंड झाले नसते. संशोधक गावात येई तेव्हा त्याच्याकडे सरकारी हुकूम नसे, पैसा नसे, बहुधा ओळखीचे पत्रही नसे. कोणीतरी त्याला ओटीवर पथारी टाकू देई, कोणीतरी जेवायला बोलावी, आणि कोणीतरी माळ्यावरचा पेटारा खाली काढून त्यातले घराण्याचे सर्वांत नाजूक कागद अनोळखी माणसापुढे ठेवी. दफ्तर दाखवणे म्हणजे घरातील कर्जे, भाऊबंदकी, दत्तकाचे वाद आणि गमावलेली इनामे परक्याला वाचू देणे होते. तो विश्वास टाकणाऱ्या यजमानांचे मराठ्यांच्या इतिहासावर जे ऋण आहे, ते संपादकांच्या ऋणापेक्षा कमी मानता येणार नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात राजवाड्यांचे निधन झाले आणि १९२७च्या आरंभी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, ते या विश्वासाचेच सार्वजनिक रूप होते.

कुलवृत्तांताचे संपादक राजवाड्यांच्याच वाटेने चालले, फक्त त्यांचे लक्ष्य राज्याच्या इतिहासाऐवजी घराण्याचा इतिहास हे होते. छापील माहितीपत्रके पाठवणे, वृत्तपत्रांत निवेदन देणे, आणि उत्तर न आलेल्या ठिकाणी स्वतः जाणे, अशी त्यांची पद्धत असे. आडनाव समान असले तरी गोत्र, मूळ गाव आणि कुलदैवत यांचा मेळ बसल्याशिवाय शाखा एकमेकींना जोडता येत नाहीत, आणि हा मेळ घालताना घराण्यातील माणसांपेक्षा बाहेरच्यांचीच मदत अधिक लागते. याचे कारण उघड आहे. स्थलांतर करून गेलेली शाखा मूळ गाव विसरते, पण मूळ गाव तिला विसरत नाही.

कोकणातील गावांत याचा प्रत्यय विशेष येतो. गुरव, म्हणजे ग्रामदैवताची पूजा आणि देवळाची व्यवस्था पाहणारा वंशपरंपरागत सेवेकरी, गावातील मानांची उतरंड जाणतो. शिमग्यात पालखी कोणत्या क्रमाने कोणत्या घरी जाते, कोणाचा नारळ पहिला, कोणाच्या घरातून देवाचे साहित्य येत असे, हे क्रम पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, आणि त्यांच्या आधारे घर बंद होऊन किती काळ लोटला तरी ते कोणाचे होते हे सांगता येते. वाडीतील एखादा वयस्क माणूस शोधकाला पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या पाऊलवाटेवरून वर नेतो आणि झाडोऱ्यात दडलेले जोते, कोरडी विहीर, तुळशीवृंदावनाचा चिरा दाखवतो. मध्यान्ह झाली असेल तर पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ दिले जात नाही, आणि त्याचे आडनाव मूळ गावाशी जुळले की तो पाहुणाही उरत नाही.

या आदरातिथ्याचे खरे मोल कळण्यासाठी कोकणातील जमिनीचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती पद्धत होती. खोत हा गावचा सारा सरकारात भरणारा मध्यस्थ असे, आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या कुळांकडून तो धान्याच्या व वेठीच्या रूपाने जे वसूल करी त्याला पुष्कळदा मर्यादा नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९४९च्या कायद्याने खोती संपली, आणि १९४८च्या कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली. कुलवृत्तांतांत ज्यांची नावे ठळकपणे येतात त्यांतील अनेक घराणी खोतांची होती, आणि त्यांचे वंशज जेव्हा शहरातून मूळ गावी येतात तेव्हा त्यांच्या पूर्वजांची जोती आणि झाडे दाखवणारा माणूस बहुतेक वेळा त्याच जमिनीच्या जुन्या कुळाचा नातू किंवा पणतू असतो. अनोळखी माणूस सातबारा, फेरफार आणि आजोबांची जमीन यांविषयी विचारू लागला की या कुळाच्या वंशजाच्या मनात संशय येणे स्वाभाविक आहे, कारण असे प्रश्न विचारणारे पुष्कळदा दावा लावायला आलेले असतात. ज्याच्या पूर्वजांनी वेठ भोगली, त्यानेच वेठ घेणाऱ्याच्या वंशजाला त्याचे घर दाखवावे, विहिरीचे पाणी द्यावे आणि पूर्वजांविषयी ऐकलेले बरे-वाईट मोकळेपणाने सांगावे, हा औदार्याचा प्रकार सामान्य नाही. अशा वेळी शोधकानेही आपल्या घराण्याच्या वैभवाबरोबर ते वैभव कोणाच्या कष्टांवर उभे होते हे लिहिले, तरच त्या औदार्याची परतफेड होते.

गोव्यातील कुलशोधाचा मार्ग देवळांतून जातो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या धर्मविषयक जुलमांमुळे सासष्टी-तिसवाडी भागातील अनेक देवता पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा परिसरात हलवल्या गेल्या: कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्या मागोमाग सारस्वत कुटुंबे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पांगली. देवस्थानाचे वंशपरंपरागत भागीदार असलेल्या महाजनांच्या याद्या ही आजही या कुटुंबांच्या मुळाची महत्त्वाची खूण आहे, आणि दूरच्या राज्यातून कुलदेवतेच्या शोधात आलेल्या कुटुंबाला योग्य देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात पोहोचवणारे पुजारी व महाजन हे त्या प्रवासाचे पहिले वाटाडे असतात. धर्मांतरित कुटुंबांचा मागोवा चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांतून लागतो. आणि जुन्या गावच्या गांवकरी संस्थेत अनेकदा एकाच पूर्वजाच्या हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही शाखांची आठवण असते. अशा शाखा एकमेकींना भेटतात तेव्हा त्यांना एकत्र आणणारा माणूस बहुधा तिसराच, दोन्हींशी नाते नसलेला असतो.

सागरापलीकडे गेलेल्यांचा शोध याहून अवघड. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणी मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला, आणि त्यांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा अशी माहिती असते. पण ती परकीय कारकुनांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेली आहे, आडनाव बहुधा नाही, आणि गावाचे नाव इतके बदललेले असते की त्याच्याशी जुळणारी गावे एकाहून अधिक तालुक्यांत निघतात. पाचव्या-सहाव्या पिढीचा वंशज अशी नोंद घेऊन कोकणात येतो तेव्हा त्याच्यापाशी त्या एका ओळीशिवाय काहीही नसते, आणि ते नाव मोठ्याने उच्चारून पाहत, हे अमक्या वाडीचे असेल असा तर्क करणारे तलाठी, शिक्षक, एस.टी.चे वाहक आणि दुकानदार हेच त्याचे संशोधन-सहायक ठरतात.

बेने इस्राएल समाजाची कथा वेगळी, पण तिचा आधारही तोच आहे. कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत शतकानुशतके राहिलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे शनवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या या मराठीभाषक यहुदी समाजाने गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावे घेतली. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७च्या सुमारास पूर्ण केलेला या समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. त्यांची मुले-नातवंडे आता अलिबाग, रेवदंडा, पेण येथील प्रार्थनालये, नवगावची जुनी दफनभूमी आणि पूर्वजांची घरे पाहायला येतात, तेव्हा त्यांना वाट दाखवणारे बहुतेक लोक हिंदू आणि मुसलमान शेजारी असतात. अलिबागची इस्राएल आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते, यात शेजाऱ्यांची आठवण टिकून आहे.

कुलवृत्तांताची परंपरा मुख्यतः लिहित्या आणि वतनदार घराण्यांची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. भूमिहीन, बलुतेदार आणि भटक्या समूहांच्या वंशावळी क्वचितच छापल्या गेल्या, आणि छापलेल्या वंशावळींतही पुष्कळदा मुलींची नावे गळली किंवा विवाहानंतर संपली. अलीकडच्या काळात या मर्यादेला काही प्रमाणात छेद गेला आहे. जन्म-मृत्यूची गावपातळीवरील नोंद असलेला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, शाळेचे जनरल रजिस्टर आणि जुने खासरापत्रक यांत सर्व जातींच्या कुटुंबांची नावे असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर राज्यभर अशा नोंदींची तपासणी सुरू झाली आणि पुराभिलेखागारांबाहेर फारसे कोणी न विचारलेल्या मोडीवाचकांकडे सामान्य शेतकरी कुटुंबे रांगेने जाऊ लागली. आपल्या खापरपणजोबांचे नाव प्रथमच पाहणाऱ्या त्या कुटुंबांसाठी शाळेच्या जुन्या खोलीतील रजिस्टर शोधून देणारा शिपाई किंवा पान उलगडून अक्षर लावणारा निवृत्त शिक्षक यांचे साहाय्य हे राजवाड्यांच्या काळातील यजमानांच्या साहाय्याशी जोडलेलेच आहे.

या सर्व परंपरांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की परक्यांचे हे साहाय्य आरंभी व्यवस्थेचा भाग होते: बलुतेदाराला बलुते, उपाध्यायाला दक्षिणा, हेळव्याला सुगीचे धान्य, गुरवाला इनाम जमीन मिळे, आणि त्याच्या मोबदल्यात इतरांच्या कुळाची स्मृती जपली जाई. वतने गेली, बलुते बंद झाले, इनामे खालसा झाली, तरी सांगण्याची वृत्ती टिकली. मोबदला संपल्यावरही जे काम चालू राहते त्यालाच सौजन्य म्हणणे योग्य होय, आणि मराठी कुलशोधाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा प्रामुख्याने अशा सौजन्याचा इतिहास आहे.

म्हणून आज घराण्याच्या मुळांचा शोध घेणाऱ्या प्रत्येकावर काही जबाबदाऱ्या येतात. माहिती देणाऱ्याचे नाव, गाव आणि भेटीची तारीख त्याच्या संमतीने ग्रंथात नोंदवावी. केवळ ‘स्थानिकांच्या सांगण्यावरून’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. छापलेल्या ग्रंथाची एक प्रत मूळ गावच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला, एक गुरवाला आणि एक ज्या उपाध्यायाची वही पाहिली त्याला द्यावी. वहीची किंवा बाडाची छायाचित्रे घेतली असतील तर त्यांची प्रत मालकाकडे परत पोहोचवावी, कारण तो कागद त्याच्या घराण्याचाही इतिहास आहे. हेळव्यांची बाडे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि कोतवाल बुके यांचे शास्त्रशुद्ध जतन करण्यासाठी विद्यापीठांनी व शासनाने त्यांच्या मालकांच्या हक्कांना धक्का न लावता पुढे यावे. आणि ज्यांना मोडी वाचता येते, ज्यांच्या माळ्यावर जुने पेटारे आहेत, ज्यांच्या आठवणीत गावच्या उजाड जोत्यांची नावे आहेत, त्यांनी उद्या एखादा अनोळखी माणूस आपल्या पूर्वजांविषयी विचारायला आला तर त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये.